श्वास घ्या, पण हलू नका

ही गोष्ट खरी आहे.

रात्रीची नाही, हे आधीच सांगतो. दिवे गेलेले नव्हते, कुत्री रडत नव्हती. भर दुपार होती. खिडक्या सताड उघड्या होत्या आणि खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं.

जागा म्हणजे एका लाँड्रीच्या वरची खोली. आत एक पलंग, एक कपाट, खिडकीपाशी खुर्ची आणि कोट टांगायचा लाकडी स्टँड. एवढंच.

ज्याच्या डोळ्यांदेखत घडली तो माझा चुलतभाऊ. घरात त्याला खटपट्या म्हणतात. पंखा, मिक्सर, शेजाऱ्यांचं कुलूप, काहीही बिघडलं की हा स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. कोणी बोलावलेलं नसलं तरी. आणि एकदा बोलायला लागला की त्याचं बटण बंद होत नाही.

पण ही गोष्ट सांगताना तो मध्ये मध्ये थांबला. एकदा तर उठून गॅलरीत गेला. बोलतानाही हातात एक छोटीशी काळी बॅटरी होती, कॅमेऱ्याची. ती बोटांनी उलटसुलट करत होता.

तो जिथे थांबला तिथे मीही थांबलोय.

मधलं मी भरलेलं नाही.


दोन मीटर

खटपट्याची मावशी रफू करते.

खालच्या लाँड्रीत कोट येतात. कोणाच्या बाहीला कसर लागलेली, कोणाच्या खिशापाशी सिगारेटनं भोक पाडलेलं. मावशी त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून चार धागे काढते आणि भोकावर असे विणते की पुन्हा ते सापडत नाही. "दिसलं तर ते ठिगळ," ती म्हणते. "रफू दिसत नाही."

काका, म्हणजे तिचे यजमान, फोटोग्राफर होते. चेहऱ्यांचे फोटो काढायचे. माणसाला स्टुलावर बसवायचं, दोन बोटांनी हनुवटी जरा वर करायची आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य...

"श्वास घ्या, पण हलू नका."

शेवटी शेवटी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. सतत नाही. दोनदा बारीक थरथरायचा, थांबायचा, मग एकदा जोरात. दोनदा बारीक... थांबायचा... एकदा जोरात. घरातल्या सगळ्यांना ती चाल पाठ झाली होती. कपबशी वाजायची ना त्यांच्या हातात.

गिऱ्हाइकं गेली. समोर बसायला उरली एक मावशी.

रोज दुपारी ते तिचा फोटो काढायचे. रोज फोटो हललेला यायचा.

"तू हललीस," काका म्हणायचे.

"हो, मीच हलले," मावशी म्हणायची. "पुन्हा घ्या."

जगाच्या कोटांची भोकं बुजवणाऱ्या बाईनं हे एक भोक असं बुजवलं होतं. काकांना ते दिसलं की नाही, कोण जाणे. पण एका दुपारी त्यांनी लेन्स काढली, मऊ फडक्यात गुंडाळली, कपाटात ठेवली आणि दार लावून घेतलं. परत कॅमेरा हातात धरला नाही. मग अंथरूण धरलं. मग गेले.

मावशीचा एक धड फोटो काही त्यांच्या हातून झाला नाही.

खटपट्याची आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, तेव्हापासून पाठीमागे लागली होती. "ताई, चल माझ्याकडे. एकटी काय भिंतींशी बोलणार आहेस?" मावशी शेवटी हो म्हणाली. हातातलं काम उरकलं की येते म्हणाली.

काम म्हणजे कोट. आणि कोटांपायी कॅमेरा आला.


दोन मीटर, तिथेच

झालं काय, की गिऱ्हाइकं लाँड्रीवाल्याशी भांडायला लागली. 'हे भोक आधी नव्हतंच, तुम्हीच पाडलंत.' म्हणून लाँड्रीवाला म्हणाला, "ताई, आधीचा एक फोटो आणि नंतरचा एक. म्हणजे माझी कटकट मिटली."

मावशीचा फोन बटणांचा. त्यात कुठला आलाय फोटो!

खटपट्याकडे एक छोटा मिररलेस कॅमेरा पडून होता. मुठीत मावेल एवढा. त्याच्या स्वतःच्या लेन्समध्ये वाळू गेलेली, ती अडकलेली. मग याची खटपट सुरू. त्यानं एक अडॅप्टर मागवला. अडॅप्टर म्हणजे नुसतं धातूचं कडं. एका बाजूला नवा कॅमेरा बसतो, दुसऱ्या बाजूला जुनी लेन्स. आणि कपाटातून काकांची लेन्स काढली. पंच्याऐंशी एमएमची, सगळी धातूची, वरवंट्यासारखी जड.

"अरे, ही लेन्स कॅमेऱ्याला लावलीस की कॅमेरा लेन्सला?" मावशी म्हणाली.

बऱ्याच महिन्यांनी ती हसली होती म्हणे.

आता थोडं यंत्राचं सांगतो. पुढे लागणार आहे.

अशा जुन्या लेन्समध्ये वीज नसते, तारा नसतात. कॅमेऱ्याला ती कळतच नाही. त्याला वाटतं, आपल्या तोंडावर काहीच नाही. म्हणून मेनूत जाऊन त्याला सांगून ठेवावं लागतं, की बाबा रे, लेन्स दिसत नसली तरी फोटो काढ. फोकसही आपण करायचा, लेन्सवरची रिंग हातानं फिरवून. रिंगवर अंतरं कोरलेली असतात. एक मीटर, दीड, दोन, तीन, पाच... आणि शेवटी अनंताची खूण.

आणखी एक. काढणाऱ्याचा हात हलला तर कॅमेऱ्याच्या आतला सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी पाटी, उलट्या बाजूला सरकतो आणि फोटो सावरून घेतो. पण त्यासाठी लेन्स किती एमएमची, म्हणजे लांबचं किती जवळ आणते, ते कॅमेऱ्याला माहीत हवं. जुन्या लेन्सचा आकडा आपण भरायचा असतो. पंच्याऐंशी.

खटपट्यानं तो भरला नाही. तिथे आधीचा वीस होता, तोच राहिला.

"कॅमेरा ट्रायपॉडवर असणार. हात हलायचा प्रश्नच कुठे येतो?"

असं तो तेव्हा म्हणाला होता.

ट्रायपॉड कपाटापाशी. समोर दोन मीटरवर कोटाचा स्टँड. त्याच्या मागे, जरा डावीकडे, खिडकीपाशी मावशीची खुर्ची. मावशीनं कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि रिंगवर दोन मीटरपाशी पांढरी रेघ मारली. रिंगवर अर्धी, खालच्या स्थिर भागावर अर्धी. दोन्ही तुकडे जुळले की कोट स्पष्ट.

"झालं," ती म्हणाली. "आता तू पळ."


फोनवर

"तुझा कॅमेरा बॅटरी खातो."

"मावशी, काम झालं की बंद करतेस ना?"

"मी एकटी बाई, संध्याकाळी दिवासुद्धा एकच लावते. कॅमेरा चालू ठेवीन?"

"जुनी झाली असेल बॅटरी. दुसरी आणतो."

"आण. आणि... ते घूं घूं वाजतं ते काय?"

"कुठे वाजतं?"

"कॅमेऱ्यात. मी खुर्चीत बसले की वाजतं."

"चालू असला की आतला सेन्सर वाजतो थोडासा."

"बंद असतो रे."

...

"मावशी?"

"काही नाही. फ्रिज असेल."

मावशीकडे फ्रिज नव्हता.

हे त्याला फोन ठेवल्यावर आठवलं.


तीन मीटर

तक्रार पहिल्यांदा लाँड्रीवाल्यानं केली. खटपट्या नवी बॅटरी घेऊन आला तर त्यानं खालीच अडवला.

"अहो, तुमच्या मावशींना सांगा जरा. मी गिऱ्हाइकाला काय दाखवू? ही खुर्ची?"

त्यानं फोटो दाखवले. कोट म्हणजे नुसतं धुकं. पण मागची खुर्ची... तिच्या वेताची एकेक काडी स्पष्ट.

सगळ्या फोटोंत तेच.

वर जाऊन पाहिलं. खडूच्या रेघेचे दोन तुकडे झाले होते. खालचा जागच्या जागी, वरचा सरकलेला. रिंग तीन मीटरवर.

"मी रोज जुळवते," मावशी म्हणाली. "रोज दुपारनंतर ती तिथेच गेलेली असते."

"ढिली झाली असेल. आतलं ग्रीस पातळ होतं कधी कधी."

लेन्स दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं रिंग फिरवून पाहिली. मग रुमाल गुंडाळून फिरवली.

"ढिली?" तो म्हणाला. "ग्रीस सुकून डिंक झालंय हिचा. ही आपणहून फिरली तर मी दुकान बंद करतो."

खटपट्यानं लेन्स परत आणून बसवली. मावशीनं कमरेचा टेप काढला. रफू करणाऱ्या बाईच्या कमरेला टेप असतोच. एक टोक त्याला कॅमेऱ्यापाशी धरायला लावलं आणि दुसरं घेऊन ती चालत गेली. स्टँड ओलांडला. बरोबर तीन मीटरवर थांबली.

टेप खुर्चीच्या पाठीला टेकला होता.

ज्या खुर्चीत ती रोज दुपारी रफूला बसते.

दोघांनी ते सगळे फोटो मोठे करून पाहिले. खुर्ची. खुर्चीतली उशी. उशीचा दबलेला मधला भाग. एखादी सावली, एखादा हात, काहीतरी असेल म्हणून खटपट्या डोळे फाडून बघत होता.

काहीही नव्हतं.

रिकाम्या खुर्चीवर कोणीतरी इतक्या जपून फोकस केला होता... आणि खुर्चीत कोणी नव्हतं.


दीड

"तू उद्या दुसरीकडे बस," खटपट्या जाताना म्हणाला. यंत्राचा दोष शोधायची त्याची पद्धत ही. एक गोष्ट बदलायची आणि बघायचं.

दुसऱ्या दिवशी मावशी पलंगावर बसली. मांडीवर कोट, डोळ्यांवर चष्मा.

दुपारी तिचा फोन आला. आवाज अगदी हळू. शेजारी कोणी झोपलेलं असताना बोलतात तसा.

"दीडवर आहे."

"काय दीडवर?"

"रिंग. टेप लावून बघितला. पलंग दीडवर आहे."

खटपट्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"आपण उगीच फोटोत शोधत बसलो रे," मावशी म्हणाली. "फोटो काढणारा कधी फोटोत असतो का?"


(इथे तो गॅलरीत गेला.)


तीन, पुन्हा

खटपट्या त्याच दुपारी आला.

मावशी पुन्हा खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले. मांडीवर काम नव्हतं. तिनं त्याच्याकडे मान वळवली नाही. बसल्या जागेवरून फक्त बोट दाखवलं.

घूं...

बारीक. काचेच्या पेल्यात माशी अडकल्यासारखं.

कॅमेऱ्याचं बटण बंद होतं. मागचा स्क्रीन उजळलेला होता.

त्यानं कॅमेऱ्यावर बोट ठेवलं. स्थिर. ट्रायपॉडला हात लावला. तोही स्थिर. पण स्क्रीनवर... स्क्रीनवर खुर्ची हलत होती. खुर्चीतली मावशी हलत होती. म्हणजे खुर्चीतली खरी मावशी दगडासारखी बसलेली आणि स्क्रीनवरची थरथरतेय. आतला सेन्सर काहीतरी सावरायची धडपड करत होता. कोणाच्या तरी हातातला कंप.

पण कॅमेरा कोणाच्याही हातात नव्हता.

खटपट्या बघत राहिला. आधी त्याला ते नुसतं हलणं वाटलं. मग त्यातली चाल कळायला लागली.

दोनदा बारीक.

थांबलं.

एकदा जोरात.

दोनदा बारीक...

"ह्यांचा हात आहे," मावशी म्हणाली. ओठ न हलवता.

खट्.

शटर वाजलं.

त्यानं फोटो उघडला. मावशी, हललेली. दोन कडा, तीन डोळे, तोंडाच्या जागी पुसट पट्टा. खाली कॅमेऱ्यानं लिहिलं होतं:

लेन्स —
छिद्र —
अंतर —

कॅमेऱ्याच्या लेखी तिथे काहीच नव्हतं.

त्याआधीचा फोटो उघडला. तसाच. त्याआधीचा, त्याच्याही आधीचा... बोट दमलं, फोटो संपेनात. सगळ्यांत मावशी. सगळ्यांत हललेली.

"मीच हलले असेन," मावशी म्हणाली.


तीन

तीन.


तीन

तीन. रिंग आता तिथून हलतच नव्हती. कारण मावशी तिथून हलत नव्हती.

खालून लाँड्रीवाल्याचे फोन. "अहो, कोट पडून आहेत. मी वर गेलो तर ताई बोलत नाहीत, नुसत्या बसून असतात. खिडकीतून उन्हं सरळ अंगावर येतात, पण पडदासुद्धा ओढत नाहीत. मला भीती वाटते हो, माझ्या दुकानावर काही व्हायला नको."

खटपट्याची आई येऊन गेली. रडली, ओरडली, बॅग भरली. मावशी म्हणाली, "येते गं. ह्यांचं एवढं झालं की येते." आईनं भरलेली बॅग कोपऱ्यात तशीच राहिली.

पुढच्या वेळी खटपट्या आला तेव्हा मावशीच्या पायांना सूज होती. बसून बसून. गळ्याची हाडं वर आलेली. स्टुलावर चहा, त्यावर साय जमून सुरकुतलेली. बाजूला कोटांचा ढीग.

आणि ती श्वास अगदी थोडा थोडा घेत होती. छाती हलू नये म्हणून.

तेव्हा तो खरा घाबरला. काकांना नाही घाबरला. या बाईला कोणी मारत नव्हतं, ओढत नव्हतं. ती फक्त फोटो नीट यावा म्हणून बसली होती. अशीच बसून बसून ती संपणार होती.

"मावशी, ऊठ. दोन घास खा."

"आत्ता नको. आज बराच कमी हलतोय."

"अगं, तू हलत नाहीयेस! कधीच हलत नव्हतीस! काकांचाच हात..."

"हळू बोल," मावशी म्हणाली. "त्यांना ऐकू जाईल."

घूं... थांबलं.

खोलीत एकदम इतकी शांतता झाली, की खाली इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज वर आला.

मग हळूहळू पुन्हा सुरू झालं. दोनदा बारीक...

आणि मग खटपट्याला तो आकडा आठवला.


मेनूत

तो कॅमेऱ्यापाशी गेला. स्क्रीनवर ती थरथर चालूच होती आणि तिच्यावरच त्यानं मेनू उघडला. कॅमेऱ्याला वाटत होतं, तोंडावर वीसची लेन्स आहे. वीसच्या हिशोबानं तो हात सावरत होता. पुरा पडत नव्हता.

वीसचे पंच्याऐंशी केले.

घूं घूंचा सूर बदलला. जड झाला. स्क्रीनवरची मावशी अजून थरथरत होती... पण कमी. मग आणखी कमी. कोणीतरी थरथरत्या हाताखाली आपला हात धरावा तशी.

मावशीला ते बसल्या जागी कळलं.

"काय केलंस?"

"काही नाही. आता हात हलला तरी फोटो हलणार नाही."

तिनं त्याच्याकडे बघितलं. त्याला वाटलं, ती हसेल. निदान सुटल्यासारखी दिसेल.

"म्हणजे आता होईलच," ती म्हणाली.

आवाजात आनंद नव्हता. घरातला पाहुणा चप्पल शोधायला लागला की आपला आवाज होतो, तसा झाला होता.

मग तिनं पदर सारखा केला. चष्मा पुसला, परत घातला. हनुवटी वर केली. म्हणजे... खटपट्या म्हणतो, तिनं केली नाही. वर झाली. दोन बोटांनी केल्यासारखी.

"तू बाहेर जा," ती म्हणाली. "कोणी बघत असलं की त्यांना जमत नाही."

तो बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला. दार लोटलं गेलं. कोणी लोटलं, ते त्यानं बघितलं नाही.

आतून घूं घूं.

मग मावशीचा आवाज. "हो."

मग... "घेतेय की श्वास."

मग... "नाही हलत."

खट्.

आणि आवाज थांबला.

तो उभाच राहिला. खाली लाँड्रीचं दार वाजलं, कोणीतरी पावती मागितली, कोणीतरी हसलं. वर काहीच नाही. त्यानं दार ढकललं तेव्हा मावशी खुर्चीत पाठ टेकून बसली होती. कितीतरी दिवसांनी पाठ टेकून.

"झाला," ती म्हणाली. "चल. आता इथे काय आहे?"


एक मीटरच्या आत

तो फोटो खटपट्यानं मला दाखवला.

फोटो उत्तम आहे. असा फोटो मी तरी कोणाचा पाहिला नाही. पापणीचा केस न् केस मोजून घ्या. चष्म्याच्या दांडीवर अडकलेला कोटाचा एक करडा धागासुद्धा दिसतो. मावशी समोर बघतेय. हसत नाहीये. पण आपण नको तिथे डोकावतोय असं वाटून मी नजर काढून घेतली.

मग खटपट्या म्हणाला, "अंतर बघ."

ही लेन्स एक मीटरच्या आत बघू शकत नाही. रिंग तिथे अडते, पुढचं सगळं धूसर. आणि चेहऱ्यानं सगळी चौकट भरून टाकणारा हा फोटो हातभर अंतरावरून काढलेला होता. फार तर हातभर.

कॅमेरा कपाटापाशी होता. तीन मीटरवर. ट्रायपॉडला स्क्रूनं आवळलेला.

"आता चष्म्यात बघ."

काचेत खोलीचं प्रतिबिंब पडलेलं होतं. पलंग, कपाट, कोटांचा ढीग, लोटलेलं दार. सगळं बारीक, पण स्पष्ट.

काढणारा नव्हता.

तेवढं मी धरूनच चाललो होतो. पण कॅमेराही नव्हता. कपाटापाशी ट्रायपॉड नुसता उभा होता, वर काही नाही. आणि मावशीच्या समोर, हातभरावर, जिथून हा फोटो घेतला... तिथेही काही नाही.


अनंत

मावशी खटपट्याच्या घरी राहायला आली. मागची खोली तिला दिली. कोटही आले, लाँड्रीवाला आता इथे पाठवून देतो. जेवायला लागली. पायांची सूज उतरली. खटपट्याची आई सांगत सुटली, "जागा बदलली ना, बघा कशी सुधारली."

कॅमेरा मावशीच्या खोलीत, फळीवर. रिंग त्या दुपारनंतर अनंतावर जाऊन थांबली होती. तिला कोणी हात लावला नाही. ती हललीही नाही. लांब कुठेतरी बघत असल्यासारखी लेन्स, आणि खडूच्या रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून दूर.

सगळं ठीक होतं.

फक्त दुपारी मावशी काम बाजूला ठेवायची आणि फळीसमोर खुर्ची ओढून बसायची. कान देऊन. केस विंचरून.

काही वाजायचं नाही.

खटपट्या म्हणतो, त्या जुन्या खोलीत ती वाळत होती, पण एकटी नव्हती. एकटी ती इथे दिसली. भरल्या घरात.

एकदा तो चहा घेऊन गेला तर तिनं विचारलं, अगदी सहज, सुईत दोरा ओवता ओवता...

"तो आकडा परत वीस कसा करायचा रे?"

"कशाला?"

"उगाच."

"मावशी, फोटो झाला ना त्यांचा?"

"त्यांचा झाला," ती म्हणाली.

खटपट्यानं सांगितलं नाही. वर त्याच संध्याकाळी, ती अंघोळीला गेली असताना, कॅमेऱ्यातली बॅटरी काढून घेतली. बॅटरीशिवाय तो डबाच नुसता. कोणाला नको ती आशा नको, कोणाला नको ती भीती नको. ती बॅटरी त्यानं शर्टाच्या खिशात ठेवली आणि तेव्हापासून ती त्याच्याजवळच असते. झोपताना उशाखाली.

मग मागच्या आठवड्यातली ती दुपार.

आई बाहेर गेलेली. घरात शांतता. खटपट्या पंख्याचं रेग्युलेटर उघडून बसला होता. आधी त्याला वाटलं, पंखाच वाजतोय.

पंख्याच्या सोडवलेल्या वायरी त्याच्याच हातात होत्या.

घूं...

तो उठला. मागच्या खोलीपर्यंत गेला. दार लोटलेलं होतं. आतून बारीक, काचेच्या पेल्यात माशी अडकल्यासारखं. आणि त्यात ती चाल.

दोनदा बारीक.

थांबलं.

एकदा जोरात.

त्याचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. बॅटरी खिशात होती. गरम झालेली. हात भाजेल इतकी.

आत शटर वाजलं.

खट्.

त्यानं दार ढकललं नाही. अजून त्याला कळत नाही, का ढकललं नाही. कान लावून उभा राहिला. आत कोणीतरी निराश झाल्यासारखा एक उसासा टाकला... मावशीचा नव्हता तो.

आणि मग मावशीचा आवाज आला. काका गेल्यापासून ऐकला नव्हता, इतका आनंदी.

"हो हो, मीच हलले. पुन्हा घ्या."